सहाव्या ओळीचा धनी

“आरं बारा कसे? बारा कसे म्हणून राहिलो मी! आपण अकरा हाव ना बे!”

मुंजाजी बाकावर उभा राहून बोंबलत होता. समितीची गाडी फाटकाबाहेर पडून पाच मिनिटंही झाली नव्हती. टेबलावर चहाचे कप तसेच, फळ्यावरचं लिहिलेलं तसंच, आणि आमचा मुंजाजी काही केल्या खाली उतरायला तयार नाही... कारण खाली त्याच्या शेजारी जी जागा होती ना, तिच्या जवळ बसायची त्याची छाती होत नव्हती.

थांबा, सुरुवातीपासून सांगतो.

मंडळी, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नव्हे, हे आधी लिहून घ्या. साखऱ्याला आमचं शेत मसणवट्याला लागून आहे. तिथं बसून मी हुरडा खाल्लाय, कॅल्क्युलस केलंय, एकदा तर बैलाच्या पाठीला पाठ लावून मस्त झोप काढलीय. आजवर कोणी उठून ‘तंबाखू हाय का’ असंसुद्धा विचारलेलं नाही. आता गावात मला थापाड्या म्हणतात, तेही सांगून टाकतो — म्हणजे खाली कमेंटमध्ये कोणी साखऱ्याचा निघाला तर तुम्हाला धक्का नको. सिद्धेश्वरच्या धरणात एसटीएवढा मासा पाहिला, असं मी दोन वर्षं सांगत फिरलो. ते साफ खोटं होतं. मासा जीपएवढाच होता. पण ही गोष्ट तशी नाही. हिला तिखटमीठ लावायला मला जागाच मिळाली नाही.

तर... हिंगोलीहून औंढ्याकडे निघालं की गावाबाहेर, हळदीची गोदामं संपली की डाव्या हाताला आमचं विद्यापीठाचं केंद्र. नाव सांगत नाही, सरांना आवडायचं नाही. पुढे वर्ग, मागे होस्टेल, मधे मेस. हळदीच्या सीझनला वाऱ्यावर इतकी हळद उडते की वह्या पिवळ्या, उशा पिवळ्या, दात पिवळे. पहिल्या वर्षी मी सुट्टीला घरी गेलो तर आई दारातच म्हणाली, “काहून रे, परस्पर लग्न करून आलास व्हय?”

एम.एस्सी. गणित. लोकांना वाटतं गणितवाले म्हणजे सुतकी चेहऱ्याचे. आम्ही तर चैनीत होतो हो! सकाळी टाकीखाली अंघोळ, अंघोळ करता करता मुंजाजी मोठ्यानं थिअरम म्हणायचा, आणि शेजारच्या शेतातला म्हातारा हात जोडायचा — त्याला वाटायचं पोरगं स्तोत्र म्हणून राहिलं. दुपारी मेसमध्ये बबनमामाचं वरण. हे बबनमामा आमचे आचारी, वय पंचेचाळीस, मिशा म्हशीच्या शिंगासारख्या. भाताला कधी माप लावायचे नाहीत. दारात उभं राहून पोरांची तोंडं बघायचे आणि मुठीनं तांदूळ टाकायचे. एक शीत उरायचं नाही आणि एक पोरगं अर्धपोटी उठायचं नाही. आम्ही दोन सेमिस्टर तपासलं, एकदाही चूक नाही. मी स्वतः एम.एस्सी. करतोय आणि मला घरच्या चार माणसांचा चहा टाकता येत नाही.

आणि आमचे पाटोळे सर. सरांची एक पद्धत होती, तिला आम्ही ‘पाळीची ओळ’ म्हणायचो. सर प्रूफ स्वतः कधी लिहायचे नाहीत. फळ्यावर वर प्रमेय लिहायचं आणि खडू पहिल्या बाकावर ठेवायचा. मग बसल्या क्रमानं प्रत्येकानं उठून एक ओळ लिहायची. एकच. समासात आपला रोल नंबर टाकायचा, खडू पुढच्याला द्यायचा, बसायचं. बोलायचं नाही. आणि सगळ्यात कडक नियम — दुसऱ्याची ओळ पुसायची नाही. आधीच्यानं चूक केली असेल तर ती पुढच्यानं आपल्या ओळीत दुरुस्त करायची. ज्याची पाळी होऊन गेली त्यानं कितीही हातपाय आपटले तरी उठायचं नाही. “दुसऱ्याची चूक निस्तरता आली की गणित आलं,” असं सरांचं म्हणणं. माझ्यामागच्यांना त्यामुळे फार लवकर गणित आलं.

वर्गात आम्ही बाराजण. पुढच्या बाकावर चार मुली, मधल्या आणि मागच्या बाकांवर आम्ही आठ पोरं. केंद्राचा नियम असा, की बारापेक्षा एक जरी कमी झाला तरी वर्ग बंद आणि पोरं दुसऱ्या जिल्ह्यात. आणि झालं काय, आमच्या बाकावरचा शेषराव रोज पहाटे ग्राउंडवर पळायचा, तो पळता पळता पोलीस भरतीत निघून गेला. आम्ही त्याला पेढे घालून, हार घालून वाटेला लावला. तो गेल्यावर मुंजाजीनं बोटं मोजली आणि तोंडातला पेढा तसाच ठेवून म्हणाला, “आरं... आपण अकराच राहिलो की!”

पंधरा दिवसांनी तपासणीची समिती येणार होती.

आता माझं म्हणाल, तर मला कुठंही पाठवा. माझी पथारी आणि माझी थापांची शिदोरी, दोन्ही कुठंही चालतात. प्रश्न होता गोदावरीचा. गोदावरी तांड्यावरची, सेनगावकडची. चार बहिणींतली थोरली, तांड्यावरून एम.एस्सी.ला आलेली पहिली पोरगी, आणि हे मी जळून सांगतो — वर्गात तिच्या जवळपाससुद्धा कोणी नव्हतं. मुली ज्या खोल्यांत राहायच्या त्यांच्या पायरीवर बसून ती गणितं सोडवायची, आणि आम्ही पोरं उत्तर विचारायला रांग लावायचो, रेशनला लावतात तशी.

“तुला दुसरीकडं जायला काय झालं?” मी तिला विचारलं. “होस्टेल तिथंबी असतंय.”

“बा म्हणतो, हिंगोलीपर्यंत माझी नजर पोचते. त्याच्या पुढं न्हाई.”

“समजावून सांग की.”

“पाहुणे येऊन राहिले दिवाळीपासून,” ती म्हणाली. “मी बाला म्हणते, वर्ग चालू हाय. एवढं एकच हाय माझ्याकडं सांगायला.”

मी तिथूनच मुंजाजीला हाक मारली.

सरांकडे गेलो. सर म्हणाले, “अकरा आहेत. विचारतील तर अकराच सांगायचं. गणितात एक इकडंतिकडं चालत नाही.” नऊ वर्षं खेटे घालून त्यांनी हा वर्ग आणला होता, आणि ते असं बोलले, चष्मा पुसत.

मग आम्ही सरांच्या मागे आमचं गणित मांडलं. माझीच आयडिया. बबनमामांना शर्ट-पँट चढवून मागच्या बाकावर बसवायचं. शेषरावाचं नाव ऑफिसच्या यादीतून अजून निघालेलंच नव्हतं. डोकी बारा भरली की झालं. फक्त मामांना एक ओळ लिहिता आली पाहिजे.

प्रमेय सरांनी मुद्दाम सोपं ठरवलं होतं, कारण समितीचे अध्यक्ष इतिहासाचे होते. मूळ संख्या — म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून जिला कोणी भागत नाही, दोन, तीन, पाच, सात अशा — त्या कधीच संपत नाहीत, हे सिद्ध करायचं. मामांना आम्ही शेवटची ओळ दिली: ‘म्हणून मूळ संख्या अनंत आहेत.’ आठ दिवस मेसच्या भिंतीवर कोळशानं गिरवून घेतली.

“अनंत म्हंजे किती माणसांचा सैपाक?” मामांनी विचारलं.

“मामा, कितीबी टाका, पुरत न्हाई.”

“मग लिहायचं कशाला? पळून जावं माणसानं.”

मिशा कापायला मात्र तयार झाले नाहीत. मुंजाजी म्हणाला, राहू द्या, उशिरा शिकायला लागलेत म्हणून सांगू.

समिती आली ती सकाळी अकराला. लख्ख ऊन, खिडक्या सताड उघड्या — अंधार, अमावस्या, कुत्र्याचं रडणं, यातलं काही नाही, आधीच सांगतो. आम्ही सातही पोरांनी पांढरे शर्ट घातलेले. तिघंजण आले: इतिहासाचे अध्यक्ष, परभणीकडच्या एक निवृत्त गणिताच्या मॅडम आणि एक क्लार्क. मॅडमच्या चष्म्याकडे बघूनच मला कळलं, ह्या बाईसमोर पास झालेला माणूस जिवंत नसणार.

मी मधल्या बाकावर, वाटेच्या टोकाला. माझ्या आत मुंजाजी, त्याच्या आत भिंतीला संतोष. शेषराव गेल्यापासून आम्ही तिघंच त्या बाकावर ऐसपैस लोळायचो. त्या दिवशी मात्र माझी अर्धी मांडी बाहेर लोंबत होती. हे मला पक्कं आठवतं. मला वाटलं, मुंजाजी घाबरून माझ्याकडे दाटून राहिला. मी बघितलं नाही, माझी नजर मॅडमच्या पेनावर.

सर उभे राहिले. “साहेब, आधीच सांगतो, आमचा एक विद्यार्थी गेलाय. सध्या अकरा—”

अध्यक्षांनी पेनानं हवेत टिंबं देत मोजलं. “अहो सर, समोर बारा बसलेत आणि तुम्ही अकरा म्हणता? गणिताचे ना तुम्ही?”

क्लार्क हसला. त्यानंही मोजलं. बारा. मॅडमनी मोजलं. बारा. सरांनी बोट न उचलता, नुसते ओठ हलवत मोजलं, पुन्हा एकदा मोजलं, आणि खडू पुढच्या बाकावर ठेवला.

मीही मान वळवून मोजलं. बारा. म्हटलं, वा रे मामा, टायमावर आला!

पाळी सुरू झाली. पहिल्या मुलीनं लिहिलं, समजा मूळ संख्या मोजक्याच आहेत. दुसरी गोदावरी, तिनं त्यांना नावं दिली. तिसरीनं सगळ्यांचा गुणाकार केला. चौथीनं त्यात एक मिळवला आणि त्याला N म्हटलं. मग मी उठलो. या N ला यादीतल्या कोणत्याही संख्येनं भागा, बाकी एक उरणार. आणि मी झोकात, ठळक अक्षरात पुढे ठोकून दिलं — ‘म्हणून N ही मूळ संख्या आहे.’ समासात रोल नंबर, त्याच्या खाली रेघ. रेघ कोणी मागितली नव्हती.

मागे वळलो तर सरांचा चेहरा राखेसारखा. मॅडमचं पेन थांबलेलं. गोदावरीनं दोन्ही हातांनी डोळे झाकलेले.

तेव्हा कळलं. अहो, ही चूक गणिताची पोरं पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत! N मूळ असेलच असं नाही. यादीतल्या कोणी भागलं नाही म्हणून काय झालं, यादीबाहेरचं कोणी भागू शकतं. एम.एस्सी.च्या पोरानं, तपासणीच्या दिवशी, ठळक अक्षरात... आणि ज्या एकटीला हे दुरुस्त करता आलं असतं तिची पाळी होऊन गेलेली. माझ्यानंतर मुंजाजी, आणि मुंजाजीला त्या क्षणी स्वतःचं नाव विचारलं असतं तरी त्यानं विकल्प मागितले असते. माझ्या डोळ्यांपुढे तांड्यावर उतरलेले पाहुणे आले, टोप्यांसकट.

मी खाली मान घालून बसलो. “सरका जरा,” कोणीतरी हळू म्हणालं. मी पाय आत घेतले, एसटीत खिडकीवाल्याला वाट देतो तसे. कोणीतरी पुढून गेलं. आणि माझी मांडी बाकावर आली.

खडूचा आवाज झाला. टक, टक, टक... भरभर नाही, घाबरत नाही. मी वर बघितलंच नाही. मला वाटलं मुंजाजी गेला, आता दोघं मिळून बुडू. मग आवाज थांबला, माझ्या गुडघ्यांपुढून पुन्हा कोणीतरी आत गेलं, आणि मांडी परत बाहेर. बराच वेळ नुसता कागदावर पेन चालल्याचा आवाज.

“शाब्बास,” मॅडम म्हणाल्या. “चूक करणाराही शाब्बास आणि धरणाराही. अशीच शिकवतात वाटतं इथं?”

मी वर बघितलं. माझ्या ओळीखाली सहावी ओळ होती: ‘असेलच असे नाही; ३००३१ = ५९ × ५०९. पण N ला भागणारी जी कोणती मूळ संख्या असेल, ती आपल्या यादीत नाही.’

दोनपासून तेरापर्यंतच्या सहा मूळ संख्यांचा गुणाकार करून एक मिळवा, ३००३१ येतात. ते मूळ नाहीत, एकोणसाठनं भाग जातो. मॅडम कागदावर हाच गुणाकार ताडून बघत होत्या. आता मला सांगा, एकोणसाठचा पाढा अख्ख्या मराठवाड्यात कोणाला येतो?

पुढचं सगळं सुरळीत. आमचा बाक संपला, मागचा बाक उठला, मूळ संख्या अनंत झाल्या — मी मात्र वहीत तोच गुणाकार करत बसलो होतो, कोण कधी उठलं ते बघितलंच नाही. अध्यक्षांनी फळ्यावरच्या ओळी मोजल्या — बारा. जाताना मी त्यांना गाडीपाशी गाठलं, जरा शेखी मिरवावी म्हणून. “साहेब, आमची सहावी ओळ कशी वाटली?”

“कोणी लिहिली ती? तो पांढऱ्या शर्टातला, मधल्या बाकावरचा ना?”

“व्हय व्हय, मुंजाजी.”

“हुशार आहे. नजर वर करत नाही पण.”

वर्गात येऊन मी मुंजाजीला मिठी मारली. “लेका, एकोणसाठचा पाढा कवा केलास?”

“मी?” तो म्हणाला. “म्या तर सातवी ओळ लिहिली. सहावी तू लिहिली न्हाईस?”

“मला एकच पाळी असती बे.”

“मग मामानं लिहिली?”

“मामा मागं बसलेत ना!”

मागच्या बाकावरचे म्हणाले, आमच्याकडे नाहीत, आम्हाला वाटलं तुमच्यात बसलेत. तेवढ्यात दारात बबनमामा — शर्ट-पँट राहिली, कमरेला पंचा, हातात उलथणं, घामानं निथळलेले. समितीचा ड्रायव्हर मेसमध्ये येऊन बसला होता आणि गप्पांत त्यानं मामांना तासभर हलू दिलं नव्हतं. “पोरांनो, माफ करा रे,” मामा जवळजवळ रडत म्हणाले, “म्या आलोच न्हाई. बुडालं का समदं?”

तेव्हा मुंजाजी बाकावर चढला.

आम्ही नावं घेऊन मोजलं. अकरा. वहीत लिहून मोजलं. अकरा. जिथं बसलो होतो तसेच पुन्हा बसलो — मधल्या बाकावर मुंजाजी आणि माझ्यामधे एक माणूस मावेल एवढी जागा.

“तू माझ्या अंगावर दाटून राहिला होतास,” मुंजाजी म्हणाला.

“म्या? मला वाटलं तूच माझ्या...”

मुंजाजी त्या सेमिस्टरभर मागच्या बाकावर बसला, पाचवा.

आता तुमचे प्रश्न मला पाठ आहेत. शेषराव आला असेल? फोन केला. तो पाच जिल्ह्यांपलीकडे ट्रेनिंगला, म्हणाला सकाळपासून पळून राहिलो, श्वास घ्यायला वेळ न्हाई अन् तुमी ५०९ काय विचारता. गोदावरीनं लिहिली? तिनं आईची शपथ घेतली, आणि ती लिहायला आली असती तर तिनं मला आधी चार शिव्या दिल्या असत्या. अक्षर? गोदावरीनं फळ्याचा फोटो काढून ठेवलाय, माझ्याकडेही आहे. अकरा ओळींसमोर अकरा रोल नंबर. सहावीच्या समासात काही नाही. आम्ही सगळे आकडे इंग्रजीत लिहितो, त्या ओळीत मराठीत आहेत, छोटे, सरळ, जुन्या वळणाचे. अकराजणांच्या वह्या उघडून ताडून पाहिल्या. एकाचंही जुळत नाही. इमारत नवी आहे, तिथं आधी हरभऱ्याचं रान होतं, तिथं कोणी मेलं-बिलं असल्याचं कोणाला माहीत नाही. मी विचारून विचारून शेजारच्या शेतातल्या त्या म्हाताऱ्याला वीट आणला.

महिन्याभरात पत्र आलं — वर्ग सुरू राहील. गोदावरीचा बा भुईमुगाच्या शेंगांचं पोतं घेऊन स्वतः आला, वर्गाच्या दारात उभा राहून आत बघत राहिला आणि म्हणाला, “बरं हाय. उजेड हाय.” ती आता एम.एस्सी. झाली, पीएचडीची परीक्षा देऊन राहिली. बाची नजर बहुतेक परभणीपर्यंत वाढलीय. आम्ही सगळे पास झालो, मीसुद्धा. माझ्यापुरतं बघाल तर खरा चमत्कार तोच.

पण त्या ओळीचं उत्तर मला आजही मिळालेलं नाही. थापा मारणाऱ्या माणसाला एकच खरी गोष्ट मिळावी आणि तिचा शेवटच हाती लागू नये... निकालाच्या दिवशी न राहवून मी फोटो घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेलो. म्हटलं, सर, त्या दिवशी तुम्ही दोनदा मोजलंत, मी पाहिलं. तुम्ही गप्प बसलात. एवढं तरी सांगा, ही सहावी ओळ लिहिली कोणी?

सरांनी मोबाइल हातात घेतला, चष्मा चढवला, पहिल्या ओळीपासून बाराव्या ओळीपर्यंत सावकाश वाचलं, आणि मोबाइल मला परत दिला.

“स्टेप बरोबर आहे,” ते म्हणाले.